कांडीतला जीव

मी अकरावीत असताना मामाच्या गोठ्यात चांदी नावाची संकरित गाय होती. दुसऱ्या वेताला रोजचं १६ लिटर दूध द्यायची. पुढच्या वेतासाठी तिला तीन वेळा भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, आणि तिन्ही वेळा ती उलटली, गाभण राहिली नाही. २१ दिवस झाले की पुन्हा हंबरायची, पुन्हा माजाचा चिकट सोट टाकायची, आणि मामा पुन्हा मोटारसायकल काढून कृत्रिम रेतन करणाऱ्याला आणायला जायचा. चौथ्या वेळी तो गेला नाही. गाय फळत नाही म्हणून चांदीला बाजार दाखवला. त्या दिवशी मामी जेवली नाही.

पुढे मी शिरवळला पशुवैद्यकीय शिकले आणि पदवीनंतर पुणे जिल्ह्यातल्या एका गोठित वीर्य केंद्रावर नऊ महिने काम केलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी माझ्या हातावर दोन कांड्या ठेवल्या, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळ्या. दोन्ही नुकत्याच कोमट पाण्यात वितळवलेल्या. रंग तोच, छपाई तशीच, दोन्हींची टोकं नीट बंद. "यातली जिवंत कोणती, सांगा." मी उजेडात धरून पाहिल्या, उलट्यासुलट्या केल्या, काही कळेना. मग दोन्हींचा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. एकात शुक्राणू सरळ रेषेत सुसाट पळत होते. दुसऱ्यात सगळे पसरलेले, एकही हलत नव्हता. ती कांडी शिकवण्यासाठी म्हणून मुद्दाम रात्रभर, कांड्या ज्यात गोठलेल्या राहतात त्या द्रव नायट्रोजनबाहेर ठेवून पुन्हा गोठवलेली होती.

मला चांदी आठवली. त्या तीन कांड्यांत जीव होता की नव्हता, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. दोष सरळ गाईच्या माथी गेला होता.

पुणे जिल्ह्यात हे काम नवं नाही. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून मणिभाई देसाई १९४६ पासून उरुळी कांचनला राहिले, आणि १९६७ मध्ये त्यांनी तिथे बायफ या पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेची स्थापना केली. दारात येऊन गाय भरवून देण्याची सेवा गावोगाव रुजवण्यात त्या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. आमच्या केंद्रावरची जुनी माणसं मणिभाईंचं नाव घेताना खुर्चीत सावरून बसत.

केंद्रावरचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडायचा. वळू धुवायचे, पुसायचे, पोटाखालच्या म्यानाचे केस साधारण दोन सेंटिमीटर ठेवून कापायचे. फार आखूड कापले तर खुंट टोचतात आणि वळू उडी मारायला कचरतो. म्यान आतून सलाइननं धुवायचं. आत येणाऱ्या प्रत्येकाला जंतुनाशकाच्या पाण्यातून पाय बुडवून यावं लागे, मग तो कितीही मोठा साहेब असो. एका वळूपासून हजारो कांड्या तयार होतात. त्यात रोग शिरला तर तो हजारो गोठ्यांत जाणार. म्हणून नवा वळू आला की त्याला आधी वेगळ्या गोठ्यात ठेवून क्षय, सांसर्गिक गर्भपात, जोन्स हा आतड्यांचा रोग, आयबीआर हा विषाणूचा रोग अशा सगळ्या तपासण्या होईपर्यंत मुख्य कळपाच्या जवळपासही आणत नसत. चाचणीत नापास झालेला देखणा वळू परत जाताना मी पाहिलाय. वाईट वाटतं, पण तिथे दया दाखवायची नसते.

वीर्य संकलनाचं मुख्य साधन म्हणजे कृत्रिम योनी. सगळे तिला एव्हीच म्हणतात. जाड रबराचं नळकांडं, आत पातळ रबरी अस्तर, दोन्हींच्या मधल्या पोकळीत गरम पाणी, एका टोकाला रबरी शंकू आणि शंकूला खुणा केलेली काचनळी. वळूला आतून ४२ ते ४५ अंश सेल्सिअस लागतं. थंड असेल तर तो जोर करत नाही. जास्त गरम असेल तर पोळतो, आणि पोळलेला वळू महिनोन्‌महिने विसरत नाही. थर्मामीटर आत घालून आकडा पाहिल्याशिवाय एव्ही हातात घ्यायची नाही, असा नियम होता. एकदा वापरलेली एव्ही धुऊन निर्जंतुक होईपर्यंत दुसऱ्या संकलनाला नाही.

वळू सांभाळायला नाना होते. साठीकडे झुकलेले, डोक्याला टापशी गुंडाळलेली. पहिल्या दिवशी मी खोड्याजवळ उभी राहिले तेव्हा म्हणाले, "मॅडम, त्याच्या डोळ्यांत बघू नका. पायाकडं बघा. मागचं पाय आत घेतलं की समजा, निघाला." खोड्यात डमी म्हणून शांत स्वभावाचा दुसरा नर उभा असतो. वळूला त्याच्याजवळ आणून एकदा-दोनदा खोटी उडी मारू द्यायची, पण संकलन करायचं नाही. वेसणीला धरून थोडं मागे घ्यायचं, थांबवायचं, मग खरी उडी. अशानं शुक्राणूंची संख्या वाढते. संकलन करणारा उजव्या बाजूला उभा असतो. वळूनं उडी मारताच डाव्या हातानं म्यानाला बाहेरून धरून दिशा द्यायची, लिंगाला थेट हात लावायचा नाही, आणि एव्हीचं तोंड पुढे करायचं. एकच जोराची झेप, आणि काम एका क्षणात संपतं. नळी खाली कलती करायची, तिच्यावरचं आवरण नीट करायचं, आणि झटकन प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत द्यायची. ऊन लागू द्यायचं नाही, गार वारा लागू द्यायचा नाही.

घरी मी काय काम करते हे सांगताना आई अवघडायची. शेजाऱ्यांना "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायची. मला मात्र पहिल्या आठवड्यानंतर त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. गोठ्यातली बाई गाय विते तेव्हा वासराचे पाय धरून ओढते, तेव्हा कुणी लाजत नाही. हेही त्याच कामाचं दुसरं टोक आहे.

सगळे वळू सारखे नसतात. होल्स्टिन या विदेशी जातीचे लगेच तयार. रेड्यांना वेळ द्यावा लागतो, त्यांची झेपही मवाळ असते, आणि उन्हाळ्यात तर ते डमीकडे बघायलाही तयार नसतात. उन्हाचा खरा फटका पुढे दिसतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात, त्यामुळे एप्रिल-मे तापला की जूनमध्ये, पाऊस पडून सगळं थंडावल्यावर, नमुने खराब येऊ लागतात. नवीन माणूस तेव्हा चाऱ्यात दोष शोधत बसतो. आमच्याकडे एक खिल्लार होता. अंगानं सडपातळ, शिंगं मागे गेलेली, आणि स्वभाव असा की अनोळखी माणूस दिसला तरी पुढचा पाय घासायचा. पहिले तीन आठवडे नानांनी त्याला खोड्याकडे नेलंच नाही. रोज दोन वेळा त्याच्या गव्हाणीपाशी जाऊन उभे राहायचे, मानेखाली खाजवायचे, परत यायचे. चौथ्या आठवड्यात तो त्यांच्या मागे आपसूक चालत आला. त्या दिवशी मिळालेलं त्याचं पहिलं वीर्य साडेचार मिली होतं. नाना प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन "कसंय?" विचारत उभे राहिले.

आता आत काय होतं ते सांगते, कारण माझा बहुतेक वेळ तिथेच गेला.

नळी आली की ती लगेच ३४ अंशांच्या पाण्यात ठेवायची. आधी डोळ्यांनी बघायचं. साईसारखं दाट आणि पांढरट असेल तर उत्तम. काही वळूंचं मुळातच फिकट पिवळं असतं, ते चालतं. पण पिवळेपणाबरोबर लघवीचा वास आला तर टाकून द्यायचं. गुलाबी छटा म्हणजे रक्त, म्हणजे वळूला कुठेतरी जखम. मग एक थेंब कोमट काचपट्टीवर, वरून काच न ठेवता, कमी ताकदीच्या भिंगाखाली. चांगल्या वीर्यात तेव्हा एकेकटा शुक्राणू दिसतच नाही. दिसतात त्या लाटा, आषाढात आभाळ घुसळल्यासारख्या, काळ्या-पांढऱ्या, उठणाऱ्या आणि विरणाऱ्या. नंतर तो थेंब पातळ करून, जास्त ताकदीच्या भिंगाखाली, पुढे सरळ पोहणारे शंभरात किती ते ठरवायचं. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नमुना बाद.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी त्या नानांच्या खिल्लारचा नमुना जवळजवळ बाद करून टाकला होता. भिंगाखाली शुक्राणू जागच्या जागी गोल फिरत होते, कित्येकांच्या शेपट्या वळलेल्या. मी वहीत ३० टक्के लिहिलं. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझी काचपट्टी उचलून स्वतःच्या गालाला लावली आणि काही न बोलता दुसरी काचपट्टी ३७ अंशांच्या तापपट्टीवर ठेवली. दोन मिनिटांनी त्याच नळीतला थेंब त्या काचेवर घेतला. ७५ टक्के. माझी काच खिडकीशेजारच्या डब्यातली होती, बर्फासारखी गार. शुक्राणूला एकदम गारठा बसला की त्याचं आवरण फाटतं आणि ते पुन्हा सांधलं जात नाही. पाण्याचा एक थेंबही असंच करतो, शेपट्या वळतात. डॉक्टर इतकंच म्हणाले, "वळूचं प्रगतिपुस्तक लिहिण्याआधी आपले हात तपासायचे." मी ती ओळ खोडली, पण पानावर ते ३० अजून वाचता येत होतं, आणि ते तसंच राहू दिलं.

पुढचा भाग हिशोबाचा. यंत्रानं घनता मोजायची. समजा वीर्य ६ मिली आलं आणि दर मिलीला १२० कोटी शुक्राणू निघाले, तर एकूण ७२० कोटी. एका कांडीत २ कोटी ठेवायचे, म्हणजे ३६० कांड्या. कांडीत पाव मिली मावतं, म्हणून सगळं मिळून ९० मिली झालं पाहिजे, त्यात ८४ मिली द्रावण घालायचं. दोन कोटी का, तर गोठवताना आणि वितळताना जवळजवळ निम्मे मरतात, आणि गाईपर्यंत कोटभर तरी धडधाकट पोचावे लागतात.

ते द्रावण बनवणं मला सगळ्यांत आवडायचं. ट्रिस नावाचं रसायन, सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज, प्रतिजैविकं, ग्लिसरॉल आणि अंड्याचा पिवळा बलक. ताजं अंडं फोडून बलक गाळणकागदावर अलगद सोडायचा आणि कागद हळूहळू कलता करत त्याला लोळवायचा, म्हणजे पांढरं सगळं कागदाला चिकटून राहतं. मग बलकाची पातळ कातडी टोचायची आणि आतला पिवळा रस मोजपात्रात सोडायचा. कातडी आत पडता कामा नये. बलक गारठ्याच्या धक्क्यापासून वाचवतो आणि ग्लिसरॉल आतल्या बर्फाच्या सुयांपासून. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ मध्ये लंडनजवळ पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या हाती लागला, तो चुकीची चिठ्ठी लागलेल्या एका बाटलीमुळे. साखरेचं द्रावण समजून वापरलं, आणि गोठवलेले कोंबड्याचे शुक्राणू वितळल्यावर पोहू लागले.

बोकडाचं तंत्र अगदी वेगळं आहे, ते उस्मानाबादी बोकडांवर काम करणाऱ्यांकडून शिकले. वीर्य जेमतेम एक मिली, पण घनता वळूच्या दुपटी-तिपटीनं. आणि बोकडाच्या वीर्यरसात असा एक घटक असतो की बलक घातला की तो साकळतो आणि शुक्राणूंना मारतो. त्यामुळे तो रस आधी धुऊन काढावा लागतो किंवा बलक फार कमी घालावा लागतो. गाईचं तंत्र शेळीला जसंच्या तसं लावून हात पोळून घेतलेले पुष्कळ आहेत.

मिसळलेलं वीर्य कांड्यांत भरलं जातं. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात, केंद्राची खूण आणि गोठवल्याची तारीख छापलेली. आत हवेचा बुडबुडा मुद्दाम ठेवतात, नाहीतर गोठताना कांडी फुटते. मग चार तास ४ अंशांवर विश्रांती. त्यानंतर गोठवण यंत्रात काही मिनिटांत उणे १४० अंश, आणि तिथून थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश. दुसऱ्या दिवशी प्रत्येक तुकडीतल्या दोन कांड्या ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून वितळवायच्या आणि मोजायच्या. ५० टक्क्यांहून कमी हलत असतील तर अख्खी तुकडी फेकायची. माझ्या हाताखालून गेलेली एक पूर्ण तुकडी अशी गेली. चारशेच्या वर कांड्या होत्या. कुणी ओरडलं नाही, फक्त डबा रिकामा केला. पास झालेल्या तुकड्याही लगेच बाहेर जात नाहीत. महिनाभर वेगळ्या ठेवतात, वळू त्या काळात आजारी पडला नाही ना हे बघून मग सोडतात.

इतकं करून कांडी केंद्राच्या दारातून बाहेर पडते, आणि तिथून पुढे तिला जपणारा म्हणजे एक कंटेनर आणि एक माणूस. कंटेनर बहुतेक नाशिकला बनलेले, इंडियन ऑइलच्या क्रायोजेनिक्स कारखान्यात. दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी. पण नायट्रोजन रोज थोडा थोडा उडतोच. पातळी मोजायची पट्टी आत बुडवून बाहेर काढायची आणि हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दहिवर धरतं, तिथपर्यंत नायट्रोजन. इतकं सोपं आहे. कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवलेला आतला डबा, उचलताना कंटेनरच्या गळ्याच्या वर आणायचा नाही. पाच सेकंदांत कांडी सापडली नाही तर परत खाली सोडायचा, थोडं थांबून पुन्हा बघायचं.

हे सोपं काम किती ठिकाणी होत नाही, ते मी नंतर शेतकऱ्यांच्या दारात पाहिलं आणि माझा जीव तुटला. एका ठिकाणी कंटेनरमध्ये पट्टी घातली तर ती कोरडी बाहेर आली. कधीपासून कोरडा होता, कुणालाच सांगता येईना. आतल्या कांड्या गेल्या पंधरवड्यात वापरल्या जातच होत्या. दुसरीकडे कांडी खिशात ठेवून, अंगाच्या उबेनं वितळवत गाडीवरून नेताना पाहिली. त्या माणसांना दुष्ट म्हणणार नाही. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणं, पगार तुटपुंजा, नायट्रोजनची गाडी वेळेवर नाही. पण ज्या गाईत ती कांडी गेली तिचे २१ दिवस गेले, त्या २१ दिवसांचा चारा गेला, पुढचं वेत लांबलं. आता लिंगनिर्धारित वीर्य आलंय, दहात नऊ कालवडी होतात म्हणून शेतकरी आनंदानं घेतो. त्यात शुक्राणूंची संख्या साध्या कांडीपेक्षा कितीतरी कमी असते. तिथे तर अशा हलगर्जीला जागाच नाही.

म्हणून आता मी सातारा जिल्ह्यात फिरते तेव्हा गाडीत एक लहान सूक्ष्मदर्शक, थर्मामीटर आणि गरम पाण्याचा थर्मास असतोच. वेळ लागतो. कधी कधी लोक कंटाळतात. तरी सोडत नाही.

गेल्या हिवाळ्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला. खिल्लार गाय सकाळी माजावर आली होती, म्हणून संध्याकाळी गेले. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. गोठ्यात एक आजी आणि तिचा नातू. कॅनिस्टर गळ्याच्या आतच ठेवून चिमट्यानं कांडी काढली, थर्मासच्या पाण्यात तीस सेकंद धरली, पुसली आणि छपाई वाचली. क्रमांक नानांच्या खिल्लारचा. तारीख मी केंद्रावर होते त्या डिसेंबरातली. तो वळू आता नाही. नानाही निवृत्त होऊन गावी गेले.

कांडी कापली, टोकाचा एक टिपका थर्मासच्या झाकणावर गरम करत ठेवलेल्या काचेवर घेतला, बाकीची रेतनाच्या गनमध्ये, म्हणजे लांब नळीत, भरली आणि आधी गाय भरवली. गर्भाशयाच्या तोंडातून गन पुढे सरकली की सावकाश, घाई न करता दाबायचं. हात धुऊन आले तर नातवानं आजीला सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर बॅटरी कशी धरायची ते दाखवलं होतं. आजीनं एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.

"आगं बया, मुंग्याच की गं!"

"जिवंत आहेत ना आजी?"

"पळत्यात की. हे बघ, ह्यो तर पार पल्याड गेला."

मी वाकून पाहिलं. सरळ, वेगानं जात होते. नातू आत जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आला. मी त्या दिवसाच्या तारखेखाली वळूचा क्रमांक लिहिला. त्यानं बोटानं दिवस मोजले, दोनदा मोजले, आणि एकविसाव्या दिवसाभोवती पेननं गोल केला.